परक्या घोड्यावरचा स्वार : एडगर ब्रिट व ‘सयाजीराव’

महोत्सवाच्या स्मरणिकेंत साधुसंतांचीं चरित्रें, मिशनऱ्यांचे प्रवास व धर्मग्रामाच्या उभारणीची हकीकत असावी, हा रिवाज योग्यच आहे. आणि ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर तें कार्य आमच्याहून अधिकारी लेखकांनीं केलें आहे. आम्हीं मात्र येथें एका घोडेस्वाराची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. आणि हा स्वार युद्धांतला नव्हे, तर शर्यतींतला. वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय ख्रिस्तमंदिराच्या आवारांत विशोभित वाटेल. कारण घोड्यांची शर्यत म्हटली कीं जुगार, आणि जुगार म्हटला कीं उद्ध्वस्त झालेलें घर, अशी सांखळी आपल्या मनांत पक्की बसलेली आहे. ती सांखळी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिजविषयीं पुढें बोलूंच. परंतु ज्या माणसाच्या हातीं लगाम असतो त्याचें आयुष्य कसलें असतें, तो काय कमावतो व काय गमावतो, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो आज करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भूमीविषयीं दोन शब्द. आमच्या परभणी जिल्ह्याचें नांव शर्यतींच्या इतिहासांत झळकलेलें नाहीं; तथापि घोडा ह्या मुलखास परका नाहीं. हिंगोली गांव १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होतें. तें एके काळीं हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेचें मोठें ठाणें होतें. हिंगोली, जालना, औरंगाबाद व मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, येथें ह्या फौजेच्या पलटणी व रिसाले असत. १९०३ मध्यें ती फौज इंग्रजी हिंदुस्थानच्या लष्करांत सामील झाली व तिच्या रिसाल्यांस नवीं नांवें मिळालीं. ‘डेक्कन हॉर्स’ ही आजच्या भारतीय सैन्यांतील नामांकित तुकडी त्याच परंपरेंतली आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते. तिच्यांतील घोड्यांचा बाजार दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. परभणी शहरांत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. असें असूनही आज आमच्या धर्मग्रामांतील मुलांस घोडा दिसतो तो बहुधा वरातींतच.

त्या जुन्या रिसाल्यांत एक भेद होता, तो ह्या लेखाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. मराठ्यांच्या राज्यांत दोन प्रकारचे स्वार असत. जो स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. आणि ज्यास घोडा सरकारांतून किंवा धन्याकडून मिळे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पगार मोठा, बारगिराचा कमी. घोडा मेला तर शिलेदाराचें भांडवल बुडे. बारगिराचें भांडवल म्हणजे केवळ त्याची मांड व त्याची हिंमत. हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यांतही ही शिलेदारी पद्धत चालत असे. शर्यतींतला जॉकी हा, आमच्या मतें, आधुनिक काळचा बारगीरच होय. घोडा दुसऱ्याचा, खोगिराखालील रुमालावरचा आंकडा दुसऱ्यानें ठरविलेला, अंगावरील रेशमी डगल्याचा रंग मालकाचा; आणि जिंकल्यावर जो करंडक मिळतो तोही मालकाच्या दिवाणखान्यांत जातो. स्वाराचें असें कांहीं असलें तर तें त्याचें कौशल्य.

आतां शर्यतीच्या घोड्याविषयीं. ज्यास इंग्रजींत थरोब्रेड म्हणतात ती जात इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकांत तयार झाली. तेथील घोड्यांवर पूर्वेकडून आणलेले नर घालून ती सिद्ध केली गेली. आणि आज जगांतील सर्व थरोब्रेड घोड्यांची नरवंशावळ तीनच पूर्वजांपर्यंत पोहोंचते : बायरली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन. १७८० मध्यें एप्सम येथें डर्बी ही शर्यत सुरू झाली व १७९१ मध्यें ह्या घोड्यांच्या वंशावळीची पहिली वही छापली गेली. आपल्या देशांत मुंबईस १८०२ मध्यें टर्फ क्लब स्थापन झाला. शर्यती भायखळ्यास होत, व घोडे बहुतांशीं अरबी असत, कारण इराणच्या आखातांतून येणाऱ्या अरबी घोड्यांचा मोठा व्यापार मुंबई बंदरांतून चाले. पुण्यास लष्कराच्या जागेवर १८३० पासून मैदान आहे. महालक्ष्मीचें मैदान १८८३ चें. आपल्या निजामी मुलखांतही सहाव्या निजामाच्या कारकीर्दींत, १८८६ पासून, हैदराबादच्या मलकपेठेंत शर्यती होत असत. १९३५ मध्यें मुंबईच्या क्लबास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. ह्या सर्व काळांत मोठ्या शर्यतींतील मोठे स्वार प्रायः परदेशचे असत. ते थंडीच्या मोसमांत येत, राजेरजवाड्यांच्या तबेल्यांकडून नेमणूक घेत, व मोसम संपला कीं जात. आपल्या लोकांच्या वांट्यास मोतद्दाराचें काम येई : पहांटे खरारा करणें, चंदी घालणें, घोडा फिरविणें, आणि शर्यतीच्या दिवशीं त्याची दोरी धरून चालणें.

अशा परदेशी स्वारांपैकींच एडगर ब्रिट हा एक. १९१३ मध्यें ऑस्ट्रेलियांत त्याचा जन्म झाला व सिडने येथें त्यानें उमेदवारी केली. जॉकीची उमेदवारी ही सुताराच्या किंवा लोहाराच्या उमेदवारीसारखीच असते. बारा-चौदा वर्षांचा मुलगा तबेल्यांत राहतो, शेण काढतो, पाणी भरतो. मग त्यास सकाळच्या फेरीसाठीं घोड्यावर बसूं देतात. आणि शर्यतींत तो उतरतो तो नंतर, वजनाची कांहीं सूट घेऊन. ब्रिटनें ही पायरी लवकर ओलांडली. १९३३ मध्यें ‘विनूका’ नांवाचा नामांकित ऑस्ट्रेलियन घोडा अमेरिकेस नेण्यांत आला, तेव्हां त्याच्याबरोबर जाणारा स्वार हाच वीस वर्षांच्या आंतला तरुण होता. त्यानंतर त्याच दशकांत तो हिंदुस्थानांत आला, आणि येथील शर्यतींत त्याचें नांव झालें.

त्याच्या कर्तबगारीचें मोल कळण्यासाठीं जॉकीचें काम म्हणजे नेमकें काय हें समजून घेणें अवश्य आहे. सामान्य प्रेक्षकास वाटतें कीं घोडा धांवतो व माणूस चिकटून बसतो. वस्तुतः शर्यतीपूर्वीं स्वारास खोगिरासह तराजूवर चढावें लागतें; घोड्यास जितकें वजन वाहावयाचें ठरविलेलें असेल तितकें भरावयास कमी पडलें तर खोगिरांत शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यत झाल्यावर पुनः तोच तराजू. त्या वेळीं वजन कमी भरलें तर जिंकलेली शर्यतही जाते. इंग्लंडच्या डर्बींत त्या काळीं नर घोड्यास ९ स्टोन, म्हणजे १२६ पौंड किंवा सुमारें ५७ किलो, वाहावें लागत असे. आणि हें मोठ्या शर्यतींतलें भारी वजन झालें. इतर कित्येक शर्यतींत तें पुष्कळच कमी असतें. म्हणून स्वारानें वर्षाचे बारा महिने भूक आवरावी लागते. ज्यास रोज पोट भरून जेवावयाचें आहे त्यानें हा धंदा पत्करूं नये.

बैठकीचेंही तसेंच. जुने स्वार लांब रिकिबींत पाय सोडून ताठ बसत. १८९७ मध्यें टॉड स्लोन हा अमेरिकन स्वार इंग्लंडास आला तो आंखूड रिकिबींत, गुडघे वर घेऊन, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन बसे. लोक प्रथम हंसले. पण तो जिंकूं लागल्यावर सर्वांनीं तीच बैठक उचलली. ह्या बैठकींत स्वार खोगिरावर टेकत नाहीं. घोडा ताशीं साठ किलोमीटरांच्या आसपास धांवत असतां तो दोन पावलांच्या चवड्यांवर तोल सांभाळून असतो. त्यांतच गति मोजावयाची, पुढच्या घोड्यांमधील फट पाहावयाची, आपल्या घोड्याचा दम किती उरला आहे हें हातांतील लगामावरून ओळखावयाचें. दम लवकर खर्च केला तर शेवटच्या शंभर यार्डांत घोडा थांबल्यासारखा होतो. फार राखून ठेवला तर वेळ निघून जाते. हा सर्व निर्णय दोन-तीन मिनिटांत व्हावयाचा असतो, आणि चुकला तर परत घेतां येत नाहीं.

हिंदुस्थानांत ब्रिट ज्यांच्या रंगांत उतरला त्यांत बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड हे प्रमुख होत. मराठी वाचकांस ह्या घराण्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. त्यांचे आजोबा सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी कुटुंबांतले. १८७५ मध्यें दत्तक जाऊन ते गादीवर आले व १९३९ पर्यंत त्यांनीं राज्य केलें. सक्तीचें मोफत शिक्षण, वाचनालयें व ग्रंथप्रसार ह्यांसाठीं त्यांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें. नातवाची आवड निराळी होती, ती घोड्यांची. १९४३ मध्यें महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी ही शर्यत प्रथम झाली. ती जिंकली महाराज प्रतापसिंहांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ह्या घोडीनें. आणि तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट. आजही ही शर्यत देशांतील सर्वांत मानाची गणली जाते. तिच्या विजेत्यांच्या यादींतील पहिली ओळ मराठी राजाच्या घोडीची व ऑस्ट्रेलियन बारगिराची आहे.

दुसरें महायुद्ध संपतांच महाराजांनीं आपला तबेला इंग्लंडांत नेला. न्यूमार्केट येथील वॉरन प्लेस ही जागा त्यांनीं घेतली, सॅम आर्मस्ट्राँग ह्या ट्रेनरची नेमणूक केली, व ब्रिटही तेथें गेला. १९४५ च्या लिलांवांत त्यांनीं एक वर्षाचें एक शिंगरूं २८,००० गिनीस विकत घेतलें. इतकी किंमत तेथवर त्या वयाच्या कोणत्याही शिंगरास आली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळच्या दरानें ही रक्कम सुमारें ३ लक्ष ९२ हजार रुपये होते. हें शिंगरूं ‘नियार्को’ ह्या विख्यात इटालियन घोड्याचें, व त्याच वर्षीं इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या ‘डांटे’ ह्या घोड्याचा सख्खा भाऊ. महाराजांनीं त्यास आपल्या आजोबांचें नांव दिलें : ‘सयाजीराव’.

एवढी किंमत दिलेल्या घोड्यावर बसणें म्हणजे मान खरा, पण धोकाही. घोडा हरला कीं लोक प्रथम स्वाराकडे बोट दाखवितात. १९४७ सालच्या वसंतांत तसेंच होण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. न्यूमार्केटच्या दोन हजार गिनींच्या शर्यतींत ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ हा घोडा आठ लांबींनीं जिंकला व ‘सयाजीराव’ तिसरा आला. एप्समच्या डर्बींत ‘पर्ल डायव्हर’ हा घोडा पहिला, ‘मिगोली’ दुसरा, आणि ‘सयाजीराव’ पुनः तिसराच. पुढें आयर्लंडची डर्बी त्यानें जिंकली. आतां उरली होती डॉन्कॅस्टरची सेंट लेजर. ही शर्यत पावणेदोन मैलांहून किंचित अधिक लांबीची; इंग्लंडच्या पांच मानाच्या शर्यतींत सर्वांत जुनी व सर्वांत लांब. येथें नुसत्या वेगाचें काम नाहीं, दम लागतो. आणि दमदार घोड्यास त्याचा दम शेवटपर्यंत पुरवून वापरणारा स्वार लागतो.

सप्टेंबर १९४७ मध्यें ती शर्यत झाली. फ्रान्सहून आलेला ‘आर्बार’ अखेरपर्यंत झुंजला. ‘मिगोली’ही मैदानांत होता. शेवटीं ‘सयाजीराव’ केवळ एका डोक्याच्या अंतरानें पुढें निघाला. पावणेदोन मैल धांवून जय-पराजय ठरला तो हातभर जागेंत. अशा वेळीं घोड्याच्या किंमतीचा उपयोग नसतो; ज्या स्वारानें वाटेंत चार पावलें वायां घालविलीं नाहींत त्याचा उपयोग असतो.

वाचकहो, तो महिना आठवा. १५ ऑगस्ट होऊन कांहीं आठवडेच लोटले होते. दिल्लीस तिरंगा चढला होता; पंजाबांत रक्ताचे पाट वाहत होते; आणि आपला परभणी जिल्हा अद्याप निजामाच्या राज्यांत होता, जेथें तिरंगा लावणें हा गुन्हा ठरे. त्याच दिवसांत इंग्लंडच्या मैदानावर हजारो गोरे लोक कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचें नांव ओरडत होते. ह्यांत अभिमान वाटण्यासारखें कांहीं आहे काय? आहेही व नाहींही. एक मराठी नांव परदेशांत दुमदुमलें हें खरें. पण तें नांव ज्या राजानें गांवोगांव शाळा काढून मिळविलें होतें त्याच्या कीर्तीस घोड्याची गरज नव्हती. आणि सुमारें चार लक्ष रुपये एका शिंगरावर खर्च होत असतां, जे हात बडोद्याच्या शेतांत राबत होते त्यांचें काय, हा प्रश्न इतिहासलेखकास टाळतां येत नाहीं. १९४८ मध्यें महाराजांच्या ‘माय बाबू’ नें दोन हजार गिनींची शर्यतही जिंकली. त्या दिवशीं स्वार चार्ली स्मर्क हा होता. परंतु महाराजांच्या उधळपट्टीविषयीं राज्यांत तक्रारी वाढत गेल्या, व १९५१ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या राजपदाची मान्यता काढून घेतली. मालकाची कथा येथें उतरणीस लागते. स्वाराची मात्र पुढें जाते.

सप्टेंबर १९४८ मध्यें ब्रिटनें दुसऱ्यांदां सेंट लेजर जिंकली, ह्या वेळीं ‘ब्लॅक टार्क्विन’ ह्या अमेरिकन मालकाच्या घोड्यावर. हरलेल्यांत पुढें थोर ठरलेला ‘ॲलिसिडॉन’ होता. त्याच महिन्यांत, १७ तारखेस, हैदराबाद संस्थान शरण आलें व मराठवाड्यास स्वातंत्र्य मिळालें. त्यानंतर यॉर्कशरमधील मॉल्टन येथील कॅप्टन चार्ल्स एल्सी ह्यांच्या तबेल्यासाठीं तो उतरूं लागला. १९४९ मध्यें ‘म्यूझिडोरा’ ह्या घोडीवर त्यानें एक हजार गिनी व ओक्स ह्या दोन्ही शर्यती मारल्या. १९५२ मध्यें ‘फ्रीझ’ वर पुनः ओक्स. १९५३ मध्यें ‘नियारुला’ वर दोन हजार गिनी. १९५६ मध्यें ‘हनीलाइट’ वर पुनः एक हजार गिनी. येणेंप्रमाणें इंग्लंडच्या पांच मानाच्या शर्यतींपैकीं चार त्यानें मिळून सात वेळां जिंकल्या. पांचवी, म्हणजे डर्बी, त्यास कधींच मिळाली नाहीं. १९५९ मध्यें त्यानें खोगीर उतरविलें व तो मायदेशीं परतला. २०१७ मध्यें, वयाच्या एकशें तिसऱ्या वर्षीं, तो निवर्तला. ज्या महाराजांच्या रंगांत तो उतरला ते १९६८ मध्येंच गेले होते. ‘सयाजीराव’ घोडाही केव्हांच गेला होता, जरी त्याच्या ‘इंडियाना’ नामक पुत्रानें १९६४ मध्यें बापाचीच सेंट लेजर जिंकून दाखविली. बारगीर सर्वांच्या मागें उरला.

ह्या चरित्राकडे पाहतां तीन गोष्टी नजरेंत भरतात. पहिली अशी कीं, ब्रिटनें चार खंडांत, निरनिराळ्या मालकांची व ट्रेनरांची चाकरी केली. मराठी राजा, अमेरिकन सावकार, यॉर्कशरचा कॅप्टन : धनी बदलला, रंग बदलला, पण कामाची प्रत बदलली नाहीं. ज्याचें कौशल्य स्वतःचें आहे त्यास धन्याच्या भाग्याबरोबर बुडावें लागत नाहीं. दुसरी अशी कीं, त्याचे सात विजय नऊ वर्षांवर पसरलेले आहेत; पहिला वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, शेवटचा बेचाळिसाव्या. उमेदवारीपासून मोजलें तर पहिल्या मोठ्या इंग्रजी यशापूर्वीं जवळजवळ वीस वर्षें त्यानें घोड्यावर काढलेलीं होतीं. तिसरी अशी कीं, सर्वांत प्रसिद्ध शर्यत त्याच्या हातीं लागली नाहीं, तरी त्याचें आयुष्य अपुरें राहिलें असें कोणी म्हणत नाहीं. हें तिसरें शल्य आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. एका परीक्षेच्या निकालावर सारें जीवित टांगून ठेवणारीं मुलें आम्हांस वारंवार भेटतात.

ह्या धंद्यांत धोकाही आहे, आणि तो लपविणें बरें नव्हे. घोडा पडला कीं स्वार मागून येणाऱ्या खुरांखालीं सांपडतो. म्हणूनच जगांत बहुतेक मैदानांवर शर्यतीच्या मागोमाग रुग्णवाहिका धांवत असते. असा कोणता दुसरा खेळ आहे कीं ज्यांत रोजच्या कामामागें अशी गाडी चालते?

स्वातंत्र्यानंतर हळूहळू आपले लोकही मोतद्दाराच्या दोरीपासून खोगिरापर्यंत चढले. पांडू खाडे, वसंत शिंदे हीं मराठी नांवें पुणें व मुंबई येथील शर्यतींत गाजलीं. मुंबईच्या पारशी समाजांतील पेसी श्रॉफ ह्यांनीं २००४ मध्यें निवृत्त होईपर्यंत १,७५१ शर्यती जिंकल्या. त्यांत आठ वेळां इंडियन डर्बी. ज्या डर्बीची पहिली ओळ परदेशी स्वारानें लिहिली तिच्या पुढच्या पानांवर आपल्या देशांतील मुलांचीं नांवें आलीं, हें एका पिढीच्या मेहनतीचें फळ होय. ह्यांतील कित्येक स्वार तबेल्यांच्या आवारांतच वाढलेले, मोतद्दारांचीं व जुन्या जॉकींचीं मुलें.

आतां जुगाराविषयीं. १९९६ मध्यें भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. निर्णय बरोबर आहे. आम्हीं वर वर्णिलेलें सारें कौशल्यच आहे. पण तें कौशल्य घोड्याचें, स्वाराचें व ट्रेनरचें. कठड्यापाशीं उभा राहून पगाराचे पैसे लावणाऱ्याचें त्यांत काय आहे? शर्यतींच्या नियमांत एक गोष्ट फार बोलकी आहे : जॉकीस पैज लावण्याची मनाई असते. म्हणजे घोड्याचें अंतरंग ज्यास सर्वांत अधिक कळतें तोच पैजेपासून दूर ठेवला जातो, आणि ज्यांस कांहींच कळत नाहीं त्यांच्या खिशांवर हा सारा डोलारा उभा राहतो. आपल्या धर्मसभेची शिकवण ह्या बाबतींत समतोल आहे. पैज किंवा नशिबाचा खेळ स्वतः होऊन अन्यायकारक नव्हे. परंतु स्वतःच्या व घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊं लागला, किंवा त्याचें व्यसन जडलें, कीं तो निषिद्ध होतो. आमच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेंत आम्हीं अशीं घरें पाहिलीं आहेत कीं जेथें सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे घरीं पोहोंचण्यापूर्वींच संपले. त्या घरांत घोडा कधीं आला नव्हता. पत्ते, मटका किंवा हातांतील मोबाइल फोन आला होता. साधन निराळें, आंतील रोग एकच : दुसऱ्याच्या धांवेवर आपलें भाग्य टांगणें.

संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शर्यतीचाच दृष्टांत घेतला आहे. त्याच्या वाचकांच्या गांवाजवळ इस्थमियन खेळ भरत, म्हणून हा दृष्टांत त्यांस सहज उमगे. पौलानें जें उदाहरण पुढें ठेविलें तें प्रेक्षकाचें नव्हे, धांवणाऱ्याचें. आणि भर दिला तो जिंकण्यापेक्षां संयमावर. धांवणारा नाशवंत मुकुटासाठीं एवढा जपतो, मग आपण किती जपावें, असा त्याचा आशय. जॉकीची आवरलेली भूक, पहांटेची फेरी, तराजूपुढची नम्रता ही सर्व त्याच संयमाचीं रूपें होत.

शेवटीं आमच्या बारगिराकडे वळूं. महोत्सवाच्या निमित्तानें आपण कोनशिला वाचतों, देणगीदारांचीं नांवें वाचतों, आणि तें योग्यच आहे. ते आपले शिलेदार. परंतु ज्यांनीं जमीन दिली नाहीं, कारण त्यांच्याकडे ती नव्हती. ज्यांनीं घंटा दिली नाहीं, पण ती वर्षानुवर्षें वाजविली. ज्या भगिनींनीं दवाखान्यांत रात्री जागून काढल्या. ज्या कॅटेकिस्टांनीं गंगाखेड, पाथरी, जिंतूरच्या वाटा सायकलीवर तुडविल्या, त्यांचें खोगीर दुसऱ्याचें होतें आणि करंडकही दुसऱ्याच्या घरीं गेला. त्यांचें होतें तें केवळ काम. डॉन्कॅस्टरची शर्यत एका डोक्यानें जिंकली गेली तेव्हां फळ्यावर घोड्याचें नांव लागलें, मालकाचें लागलें. पण तें डोकें पुढें आणलें तें ज्याच्या हातांनीं, तो उतरून खोगीर खांद्यावर टाकून तराजूकडे गेला. ह्या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांत आमच्या तरुणांपैकीं कोणी घोड्यावर बसेल कीं नाहीं, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण प्रत्येकाच्या हातीं कोणाचा तरी लगाम येणारच : कोणाचें शेत, कोणाची शाळा, कोणाचें आजारी मूल, कोणाचा विश्वास. तो परका आहे म्हणून ढिला धरूं नये. आणि शर्यत संपल्यावर, आपलें वजन पुरतें भरतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तराजूवर निर्भयपणें चढावें, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.